टर्कीचा खिमा, भाज्या आणि क्रीम: अमेरिकेत नव्यानं स्वयंपाक करणाऱ्यांसाठी एका पॅनचं जेवण

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या, मटण-चिकन खाणाऱ्या मराठी मुलामुलींची पहिल्या काही आठवड्यांतली अडचण साधारण सारखीच असते. मटणाचा खिमा जवळच्या सुपरमार्केटमध्ये मिळत नाही. त्यासाठी देशी किंवा हलाल दुकान शोधावं लागतं, आणि गाडी नसेल तर तिथं पोचणंच अवघड. सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये समोर दिसतो तो बीफचा खिमा, जो आपल्यातले अनेकजण खात नाहीत. त्याच्या बाजूलाच ग्राउंड टर्की, म्हणजे टर्कीचा खिमा ठेवलेला असतो. तो सहसा कुणी उचलत नाही, कारण टर्की म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला ओव्हनमध्ये भाजलेला अख्खा पक्षी, एवढंच आपण ऐकलेलं असतं.

इथल्या घरांत मात्र तो आठवड्याच्या मधल्या वारी सर्रास शिजतो. एकच मोठा फ्राय पॅन, ज्याला इथं स्किलेट म्हणतात. त्यात खिमा परतायचा, हाताला येतील त्या भाज्या घालायच्या आणि शेवटी थोडं क्रीम घालून दाटसर रस करायचा. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, हात बसला की अर्ध्या तासात होतं. भांडं एकच घासायचं, हा मोठा फायदा.

टर्की बेचव लागते, रबरासारखी होते, पांढरट दिसते, अशा तक्रारी तुम्हाला ऐकू येतील. जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असतं: पॅनमध्ये पाणी साचलं आणि खिमा परतण्याऐवजी उकडला गेला. टर्कीत चरबी कमी, स्वतःची चवही सौम्य. तिला खमंगपणा येतो तो फक्त तळाशी लालसर होण्यातून, आणि पाणी असेपर्यंत काहीही लाल होत नाही. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं आणि ते आटेपर्यंत पॅनमधला जिन्नस त्याच्या फार वर तापत नाही. मांसाला तांबूस रंग आणि भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून या पाककृतीत मसाल्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ओलावा उडवायचा, मग रंग आणायचा, आणि रस त्यानंतर.

दुकानात

पाकिटावर ९३/७, ८५/१५ किंवा ९९ असे आकडे दिसतील. पहिला आकडा निव्वळ मांसाचा टक्का, दुसरा चरबीचा. ९३/७ घ्या. ९९ टक्केवालं पाकीट बहुतेक नुसत्या छातीच्या मांसाचं असतं, ते हमखास कोरडं होतं. नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. ८५/१५ चवीला चांगलं, पण त्यातून सुटलेली चरबी थोडी काढून टाकावी लागते. ती सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये गोठून बसते. रिकाम्या डब्यात ओता, थिजू द्या आणि कचऱ्यात टाका.

पाकीट बहुधा १ पाउंडाचं, म्हणजे ४५४ ग्रॅमचं मिळतं. चार जणांना किंवा दोघांना दोन वेळा पुरतं. सॉसेजच्या स्वरूपातली टर्की मात्र वेगळी चीज. तिच्यात आधीच मीठ-मसाला असतो आणि बाहेरचं आवरण कधी कधी डुकराचं किंवा गायीचं असतं. बीफ-पोर्क टाळत असाल तर लेबल वाचल्याशिवाय ती घेऊ नका.

क्रीमच्या फळीवर गोंधळ उडतो. हेवी क्रीममध्ये किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ते उकळलं किंवा त्यात थोडं आंबट पडलं तरी सहसा फाटत नाही. हाफ अँड हाफ हे दूध आणि क्रीमचं मिश्रण, त्यात स्निग्धांश १०.५ ते १८ टक्के. ते चालतं, पण जपून वापरावं लागतं. सावर क्रीम आणि दही उकळत्या पॅनमध्ये घातलं की दाणेदार होतं. पहिल्या वेळी हेवी क्रीमचा लहान डबा घ्या.

पॅन आणि शेगडी

१२ इंची पॅन हवा. आठ इंचीत हे होणार नाही, कारण खिमा एकावर एक थरात पडतो, खालच्याची वाफ वरच्यात अडकते आणि पुन्हा उकडणं सुरू. लहानच पॅन असेल तर खिमा दोन हप्त्यांत परता. बिडाचा किंवा स्टीलचा पॅन सर्वांत चांगला, त्यांच्या तळाला तांबूस थर धरतो आणि पुढे त्याचाच रस होतो. नॉनस्टिकवरही जमतं, फक्त तो रिकामा तापवत ठेवू नका आणि लाकडी किंवा सिलिकॉनचा कालथा वापरा.

भाड्याच्या घरात बहुतेक वेळा विजेची शेगडी असते. गॅसची ज्योत बारीक केली की आच लगेच उतरते; विजेची चकती मात्र बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. म्हणून आच कमी करायची म्हणजे बटण फिरवायचं आणि पॅन उचलून बाजूच्या थंड चकतीवर ठेवायचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

सुरुवात करण्याआधी शेगडीवरचा पंखा चालू करा, खिडकी उघडा. मोठ्या आचेवर धूर होतो आणि घरातला स्मोक अलार्म लगेच वाजतो. वाजला तर पॅन बाजूला काढून टॉवेलनं हवा हलवा. त्याची बॅटरी काढून ठेवू नका, इमारतीतल्या सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न असतो.

साहित्य

इथला कप २४० मिलीलिटरचा, मोठा चमचा १५ मिलीलिटरचा, छोटा ५ मिलीलिटरचा. चारजणांसाठी:

टर्कीचा खिमा १ पाउंड, मशरूम ८ औंस (सुमारे २२५ ग्रॅम, एक पाकीट), मोठी लाल ढोबळी मिरची १, मध्यम झुकिनी (काकडीसारखी दिसणारी हिरवी भाजी) १, मध्यम कांदा १, लसूण ४ पाकळ्या, कोवळा पालक ५ औंसांचं अर्धं पाकीट, तेल अडीच मोठे चमचे, मैदा १ मोठा चमचा, चिकन ब्रॉथ (चिकन उकळून केलेलं पातळ सूप, आयतं मिळतं) किंवा पाणी पाऊण कप, हेवी क्रीम अर्धा कप, किसलेलं पार्मेझान चीज पाव कप, स्मोक्ड पाप्रिका १ छोटा चमचा, वाळलेलं थाइम अर्धा छोटा चमचा, मिरपूड अर्धा छोटा चमचा, डिजाँ मोहरी (बाटलीत मिळणारी मोहरीची पेस्ट, फोडणीची मोहरी नव्हे) १ छोटा चमचा, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस.

पाप्रिका म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. ती धुराची, रंगाची आणि किंचित गोडसर असते. तिच्या जागी तेवढंच घरचं तिखट घातलंत तर जेवण खाता येणार नाही. पाव चमचा तिखट वरून घालायला हरकत नाही, आमच्याकडे घालतातच. ब्रॉथ कमी मिठाचा घ्या, चीजमध्येही मीठ असतं.

आधी चिरून ठेवा

आपल्याकडे कांदा तेलात पडला की तो होईपर्यंत टोमॅटो चिरायची सवय असते. इथं ते जमत नाही, सगळं भराभर होतं. मशरूम ओल्या कपड्यानं पुसा किंवा नळाखाली पटकन धरून कोरडे करा, आणि जाडसर चकत्या करा. झुकिनीचे अर्धगोल काप बोटाएवढे जाड ठेवा. पातळ कापली की तिचा लगदा होतो. ढोबळी मिरचीचे चौकोनी तुकडे, कांदा बारीक, लसूण ठेचून.

मग खिमा. पाकीट उघडल्यावर तो धुऊ नका. मांस धुवायची आपली पक्की सवय आहे, पण नळाखाली धरलं की कच्च्या मांसावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर सिंकमध्ये आणि ओट्यावर पसरतात. खिम्यात शिवाय पाणी मुरतं, आणि तेच आपल्याला नको आहे. उलट कागदी टॉवेलनं वरून टिपून घ्या. कच्च्या खिम्याला हात लागला की साबणानं धुवायचा, तो ज्या ताटलीत होता ती पुन्हा वापरायची नाही.

भाज्या आधी, आणि मिठाशिवाय

मशरूम, झुकिनी आणि पालक या तिघांत ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. त्यांना खिम्याबरोबर टाकलं की पॅनचं तळं होतं, म्हणून त्यांची वेगळी सोय.

पॅन मध्यम ते मोठ्या आचेवर दोन मिनिटं तापवा. एक मोठा चमचा तेल घाला, ते चमकून सहज पसरलं की मशरूम एका थरात टाका. मीठ अजिबात नाही. दोन मिनिटांत ते पाणी सोडतील, पॅनमधून चुर्र आवाज थांबून बुडबुड ऐकू येईल. ढवळत बसू नका. पाणी आटलं की आवाज पुन्हा कोरडा होतो आणि कडा तांबूस होऊ लागतात. एकूण पाच-सहा मिनिटं. आता ढोबळी मिरची आणि झुकिनी घाला, तीन-चार मिनिटं मोठ्या आचेवरच परता. झुकिनीला ठिकठिकाणी डाग पडले पाहिजेत, पण चावताना कुरकुरीत लागली पाहिजे. पुढे ती रसात पुन्हा शिजणार आहे. सगळं स्वच्छ ताटलीत काढून चिमूटभर मीठ भुरभुरा.

झुकिनी मिळाली नाही तर फरसबी किंवा ब्रोकोली चालते. फ्रोझन मटार-गाजरही उत्तम, ते मात्र शेवटी क्रीमबरोबर घाला. हिवाळ्यात भाज्या महाग झाल्या की मी तेच वापरते.

खिमा

सगळ्या पाककृतीत लक्ष द्यायचं ते इथं. पॅनमध्ये दीड मोठा चमचा तेल घाला आणि चांगलं तापू द्या. खिमा आपल्या पद्धतीनं मोकळा करत टाकू नका. अख्खा गोळा पॅनमध्ये ठेवून कालथ्यानं दाबा आणि भाकरीसारखा पसरवा. मग हात बाजूला. चार मिनिटं त्याला हलवायचं नाही.

या चार मिनिटांत काय होतं ते बघण्यासारखं असतं. आधी कडांवरून पांढरट पाणी सुटतं आणि फेस येतो. वरचा भाग अजून गुलाबीच असतो, आणि आता ढवळलं पाहिजे असं फार वाटतं. थांबा. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास फेस ओसरतो, वाफ कमी होते आणि बुडबुडीच्या जागी तडतड ऐकू येते. म्हणजे पाणी संपून खिमा तेलात आला. एक कोपरा उचलून पाहा: खालून शेंगदाण्याच्या सालासारखा तांबूस रंग आला असेल आणि तो सहज सुटत असेल, तर कालथ्यानं चार-सहा तुकडे करून उलटे करा. चिकटून बसला असेल तर अजून अर्धा मिनिट द्या. रंग आला की तो आपोआप सुटतो.

दुसऱ्या बाजूनं दोन मिनिटं, आणि मगच तुकडे फोडायला घ्या. पार भुगा करू नका. बोराएवढे तुकडे राहू द्या, आतून रसाळ राहतात. मीठ, साधारण पाऊण छोटा चमचा, या टप्प्याला घालायचं. कच्च्या खिम्यात मीठ कालवलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि तुकडे सॉसेजसारखे चिवट होतात. कबाबाला ते हवं असतं, इथं नको.

कांद्यापासून रसापर्यंत

आच मध्यम करा. कांदा घाला. कांद्याचं पाणी सुटलं की त्याच ओलाव्यात तळाचा तांबूस थर सुटायला लागतो. कालथ्यानं खरवडत राहा. चार मिनिटांत कांदा मऊ होईल, त्याला लाल करायचा नाही. लसूण, पाप्रिका, थाइम, मिरपूड घालून अर्धा मिनिट परता. पाप्रिका लवकर करपते आणि कडू होते, तेव्हा पुढचं सगळं हाताशी ठेवा.

मैदा भुरभुरून एक मिनिट परता, कच्चा वास गेला पाहिजे. आता ब्रॉथ थोडा थोडा घालत ढवळा. मैद्यानं रस दाट होतो आणि पुढे क्रीम फाटण्याची भीतीही कमी होते. हाफ अँड हाफ वापरणार असाल तर हा मैदा सोडूच नका. ब्रॉथ पडताच तळाला राहिलेला थरही सुटतो. तो निगुतीनं खरवडून रसात घ्या. ही चव बाहेरच्या कुठल्याही मसाल्यानं येत नाही. दोन-तीन मिनिटं उकळू द्या.

आता खिमा शिजला का ते पाहायचं. रंगावर जाऊ नका. टर्की कधी पुरती शिजल्यावरही किंचित गुलाबी दिसते, कधी आधीच पांढरी. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस पक्ष्यांच्या खिम्यासाठी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सियसची आहे. मांसाचा डिजिटल थर्मामीटर घेऊन ठेवा. तुकडे एका कडेला ढिगासारखे गोळा करून त्याचं टोक दोन-तीन जागी खुपसा.

क्रीम

आच मंद करा, विजेच्या शेगडीवर पॅन दुसऱ्या चकतीवर न्या. उकळ्या थांबल्या की क्रीम घाला, ढवळा आणि बाजूला ठेवलेल्या भाज्या परत टाका. दोन-तीन मिनिटं मंद आचेवर. रस कालथ्याच्या पाठीला धरला आणि त्यावर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली, की झाला. पातळ वाटला तर आणखी एक मिनिट. फार घट्ट झाला तर दोन चमचे पाणी. पालक मूठमूठ घालत ढवळा, एका मिनिटात तो आळतो.

शेगडी बंद करून मोहरी आणि चीज घाला. चीज उकळत्या रसात टाकलं तर गोळा होऊन तारा सुटतात. तुकडा आणून स्वतः किसलेलं चीज चांगलं विरघळतं. आयतं किसलेलं घेतलं तर त्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या भुकटीमुळे रस खरखरीत लागू शकतो. सगळ्यात शेवटी लिंबू पिळा आणि चव बघा. लिंबू टाळू नका. क्रीम, चीज आणि टर्की तिन्ही सौम्य, त्यांना जाग आणायला आंबट लागतंच. मीठ आता वाढवायचं.

कशाबरोबर

इथले लोक पास्ता, भात किंवा भाजलेल्या पावाबरोबर खातात. पास्ता घ्यायचा तर भाज्या परततानाच शेजारी उकळायला ठेवा आणि त्याचं अर्धा कप पाणी राखून ठेवा, रस घट्ट झाला तर तेच वापरा. भाताबरोबर मला स्वतःला जास्त आवडतं, साधा वाफाळता भात. पोळीबरोबर खायचं असेल तर ब्रॉथ अर्धा कपच घाला, म्हणजे रस अंगाबरोबर राहतो.

घरात शाकाहारी रूममेट असेल तर याच क्रमानं त्याच्यासाठी वेगळ्या पॅनमध्ये करता येतं. खिम्याच्या जागी मशरूम दुप्पट आणि डब्यातले छोले निथळून, कोरडे करून परतायचे, ब्रॉथ भाज्यांचा. एक गोष्ट मात्र त्याला सांगायलाच हवी: अस्सल पार्मेझान, म्हणजे इटलीचं पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. शाकाहारी रेनेटची चीज दुकानात मिळतात, लेबलवर तसं लिहिलेलं असतं.

उरलं तर

जेवण झाल्यावर पॅन शेगडीवर रात्रभर ठेवू नका. दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस टिकतं. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच ठेवायचा; त्यापलीकडे फ्रीझरमध्ये, आणि वितळवायचा तो आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून, ओट्यावर नव्हे. घाई असेल तर घट्ट पिशवीत बांधून थंड पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासानं पाणी बदला आणि वितळताच शिजवा.

तयार झालेलं हे जेवण फ्रीझरमध्ये ठेवलं तर वितळताना क्रीमचा रस बहुतेक वेळा फुटतो. परीक्षेच्या आठवड्यासाठी साठवून ठेवायचं असेल तर दोन पाउंड खिमा कांदा, लसूण आणि मसाल्यांपर्यंत परतून घ्या, गार करून दोन पिशव्यांत चपट्या थरात गोठवा. लागेल तेव्हा पॅनमध्ये गरम करून मैद्यापासून पुढे जायचं, वीस मिनिटांत ताट वाढता येतं. फ्रिजमधलं उरलेलं गरम करताना दोन चमचे दूध घाला, मायक्रोवेव्हमध्ये मध्यम शक्तीवर मधेमधे ढवळत तापवा, आणि सगळं नीट वाफाळेपर्यंत, म्हणजे पुन्हा १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत नेऊनच खा.